यंत्राचा कौल

सन २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांची नेहमीची बैठक होती. पुढच्या तिमाहीचे पाठ वाटून झाले, चहा झाला, आणि उठता उठता एका भगिनीने प्रश्न केला, "यंत्राने 'काही नाही' म्हणून सांगितले आणि पुढे आजार निघाला, तर दोष कोणाचा?" प्रश्न कोणा एकाला उद्देशून नव्हता. तरी ती कोणाविषयी बोलत आहे हे बसलेल्या सर्वांना ठाऊक होते. उत्तर न देताच आम्ही छत्र्या उचलल्या आणि घरी गेलो. त्या उत्तराचे देणे आमच्याकडे बाकी राहिले, म्हणून हा लेख.

प्रथम घडले ते सांगतो. बेळगावकडच्या आमच्या मंडळीच्या सभागृहात त्या वर्षी फेब्रुवारीत क्षयरोग तपासणीचे शिबिर झाले. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. तेव्हा मंडळीने आपला वाटा उचलावा असे पंच कमिटीने ठरविले, आणि ते योग्यच होते. शिबिरवाल्यांनी हातात धरता येईल एवढे लहान एक्स-रे यंत्र आणले होते. माणूस पाटीसमोर उभा राही, छातीचा फोटो निघे, आणि थोड्याच वेळात शेजारच्या संगणकावर शून्य ते शंभर यांमधला एक आकडा उमटे. क्षयाचा संशय जितका अधिक तितका आकडा मोठा. पन्नास किंवा अधिक आला, तर थुंकीच्या तपासणीसाठी डबी द्यावयाची. कमी आला आणि खोकला-ताप नसेल, तर घरी पाठवावयाचे. डॉक्टर तेथे नव्हते, त्यांची गरजही कोणाला वाटली नाही.

दाराशी टेबल टाकून नावे लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय, संध्याकाळी ताप येतो काय, वजन उतरले काय, असे चार प्रश्न विचारून वहीत खुणा करावयाच्या. पंख्याचा आवाज मोठा, रांगेतील निम्मी माणसे कानाने मंद. म्हणून आम्ही हे प्रश्न मोठ्याने विचारीत होतो.

रांगेत एक भगिनी होत्या. मंडळीत सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांच्या मागे उभे असलेले कुटुंब त्यांच्या थोरल्या मुलीला पाहून गेलेले होते आणि उत्तर यावयाचे होते. आम्ही विचारले, "अक्का, खोकला आहे का?" त्या म्हणाल्या, "छे हो, कसला खोकला." आम्ही खूण केली. आकडा ४६ आला. त्या प्रभूचे आभार मानीत घरी गेल्या. जून महिन्यात त्यांच्या थुंकीतून रक्त पडले. क्षय निघाला. त्यांच्या धाकट्या मुलाच्या मानेतली गाठ वाढली होती, त्यालाही औषध सुरू करावे लागले.

त्याच दिवशी दुसरे एक घडले, त्याविषयी बैठकीत कोणी बोलत नाही. आमच्या मंदिराची झाडलोट आणि राखण करणारे मामा आहेत. तरुणपणी त्यांना क्षय झाला होता. मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामात ते कित्येक महिने राहिले आणि बरे होऊन आले. ही गोष्ट ते साक्ष म्हणून उभे राहून सांगतात. त्यांचा आकडा ८३ आला. थुंकीच्या तपासणीचा निकाल यावयास आठवडा लागला, पण आकडा त्याच संध्याकाळी गल्लीभर झाला. पुढल्या रविवारी त्यांच्या बाकावर दुसरे कोणी बसले नाही. प्रभुभोजनाचे पेले बावीस वर्षे तेच धूत आले होते. त्या महिन्यात कोणीतरी परस्पर दुसऱ्याला ते काम सांगितले. निकाल आला तो स्वच्छ होता. त्यांच्या फुप्फुसात जुन्या आजाराचे व्रण होते, एवढेच. पाळकांनी त्यांना पुन्हा पेले धुवावयास सांगितले तेव्हा ते म्हणाले, "राहू दे साहेब, आता त्यांचा हात बसलाय."

हे झाल्यावर मंडळीत दोन तट पडले. एक म्हणे, यंत्र हे थोतांड आहे. देवाने डॉक्टरला डोळे दिले आहेत ते कशासाठी? दुसरा म्हणे, यंत्राला माया नाही आणि मत्सर नाही, ते आहे तेच सांगते. अक्कांनी खोकला लपविला त्याला ते काय करील? आमचे स्वतःचे मन एकदा या तटात, एकदा त्या तटात असे करीत राहिले. खरे म्हणजे यंत्र काय करते हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ते सांगणारा आम्हांला नाताळच्या सुट्टीत भेटला. आमच्या शब्बाथ शाळेत शिकलेला एक मुलगा हैदराबादला अभियांत्रिकीचे पुढचे शिक्षण घेत आहे, आणि त्याचा विषय हाच: रोगाच्या निदानासाठी एक्स-रे, सीटी यांसारखी चित्रे संगणकाने वाचावयाची. एक दुपारभर तो आमच्या ओसरीवर आपला संगणक उघडून बसला.

पहिली गोष्ट त्याने दाखविली ती ही की यंत्रासमोर चित्र नसतेच. छातीचा फोटो म्हणजे त्याच्या दृष्टीने चौकटींचा एक अवाढव्य तक्ता, आडवे हजारो आणि उभे हजारो घर, आणि प्रत्येक घरात तो ठिपका किती उजळ याचा एक आकडा. १८९५ मध्ये राँटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताची सावली काचेवर उमटविली, तेव्हा बोटातील अंगठीसह ती सावली पाहून त्या बाई दचकल्या असे सांगतात. यंत्र दचकत नाही. तेथे हात नाही, अंगठी नाही, केवळ तक्ता आहे. यंत्राला शिकवावयाचे म्हणजे असे लक्षावधी तक्ते त्याच्यापुढे टाकावयाचे, प्रत्येकावर आधीच लिहिलेले असते की येथे रोग आहे किंवा नाही. यंत्र अंदाज करते, चुकते, आणि चुकले की आपल्या आतील गुणाकारांचे आकडे किंचित इकडेतिकडे सरकविते. असे फिरून फिरून करता त्याचा अंदाज जमू लागतो.

आम्ही विचारले, "पण ते शिकले काय? क्षय म्हणजे काय हे त्याला कळले का?"

तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, तीच तर भीती आहे." मग त्याने अमेरिकेतील एक प्रसंग सांगितला. न्यूमोनिया ओळखावयास शिकविलेल्या एका यंत्राची २०१८ मध्ये तेथील संशोधकांनी परीक्षा घेतली. ज्या रुग्णालयांच्या फोटोंवर ते शिकले होते तेथे त्याचे गुण उत्तम. परक्या रुग्णालयाच्या फोटोंवर पुष्कळदा उणे. शोध घेता दिसले की फोटो काढताना तंत्रज्ञ कोपऱ्यात डाव्या-उजव्या बाजूची खूण म्हणून धातूचे अक्षर ठेवतात, आणि यंत्र फुप्फुसाबरोबर त्या अक्षराकडेही पाहत होते. त्या खुणेवरून फोटो कोणत्या रुग्णालयाचा हे कळे, आणि एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रोगी पुष्कळ अधिक असल्याने तेवढ्यावर अंदाज बरोबर येई. आमच्या शाळेत एक मुलगा होता, तो गणित न करता पाठीमागच्या उत्तरांच्या पानाला बोटाने वास लागलेला ओळखी, त्याची आम्हांला आठवण झाली. दुसरे असे की ज्या मोठ्या संग्रहावर जगभरचे विद्यार्थी सराव करतात, २०१७ मध्ये अमेरिकेने खुला केलेला एक लाखाहून अधिक फोटोंचा, त्यातील फोटोंवरच्या रोगांच्या नोंदी डॉक्टरांनी पुन्हा फोटो पाहून केलेल्या नव्हत्या; जुन्या अहवालांतील मजकूर चाळून एका संगणकानेच त्या काढल्या होत्या. शिष्य यंत्र, आणि गुरूही बव्हंशी यंत्र.

एवढे ऐकून आमचे मन पहिल्या तटाकडे झुकले. पण मुलगा प्रामाणिक होता, त्याने दुसरी बाजूही लपविली नाही.

माणसाचा डोळा काही फार भरवशाचा नाही. अमेरिकेत १९४७ मध्ये क्षय शोधण्यासाठी छातीचा फोटो लहान आकाराच्या फिल्मवर घ्यावा की मोठ्या, हे ठरविण्यास एक मोठी पाहणी झाली. हजाराहून अधिक माणसांचे फोटो पाच तज्ज्ञांना वाचावयास दिले. फिल्मच्या आकाराचा प्रश्न बाजूलाच राहिला, कारण तज्ज्ञांचे आपापसांतच पटेना. एकाला दिसलेले दुसऱ्याला पुष्कळ वेळा दिसत नव्हते. एवढेच नव्हे तर तोच फोटो त्याच तज्ज्ञाला काही काळाने पुन्हा दिला असता तो आपल्याच पहिल्या मताशी कितीदा तरी विसंगत बोलला. अलीकडची, २०१३ ची गोष्ट तर मौजेची आहे. फुप्फुसातील गाठी मोजावयास बसलेल्या चोवीस तज्ज्ञांपुढे अशा चित्रांची मालिका ठेवली की तिच्यात मुद्दाम एका गोरिलाचे चित्र घातले होते, नेहमीच्या गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठे. वीस जणांना तो दिसलाच नाही. ते गाठी शोधीत होते. गोरिला शोधीत नव्हते. ही गोष्ट वाचून हसावे, आणि मग आपण रविवारी सकाळी मंदिरात शिरताना कोणाकोणाला पाहत नाही ते आठवावे.

उलट यंत्र दोनशेव्या फोटोला थकत नाही, आणि जेथे एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ पन्नास कोसांत नाही तेथेही ते जाते. ढाका शहरातील तीन केंद्रांत आलेल्या सुमारे चोवीस हजार माणसांच्या फोटोंवर पाच वेगवेगळ्या यंत्रांची परीक्षा झाली. तिचा अहवाल २०२१ मध्ये आला. पाचही यंत्रे तेथील तज्ज्ञ डॉक्टरांपेक्षा सरस ठरली. त्यांतील एक मुंबईच्या कंपनीचे होते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांच्या क्षयतपासणीत फोटो वाचण्यासाठी माणसाऐवजी अशा यंत्राचा वापर करण्यास मान्यता दिली. तेव्हा याला थोतांड म्हणणे हे अज्ञान होईल. मात्र ढाक्याच्या त्याच अहवालात आणखी एक वाक्य आहे: साठीच्या पुढच्या माणसांत आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांत ही यंत्रे कमी पडली. आमचे मामा दोन्हींत बसतात.

मग मुलाने आम्हांला पडद्यावर एक पट्टी दाखविली. तिच्यावर एक खूण होती आणि ती बोटाने डावीउजवीकडे सरकत होती. "ही रेघ," तो म्हणाला. "आकडा यंत्र काढतं. रेघ आपण ओढतो."

आम्ही म्हणालो, "पण शिबिरात यंत्रच नाही म्हणाले की."

"नाही गुरुजी. यंत्र नाही म्हणत नाही. ते सेहेचाळीस म्हणतं. सेहेचाळीस म्हणजे 'घरी जा', हे कोणीतरी माणसाने ठरवलेलं असतं."

ही गोष्ट आमच्या ध्यानात पूर्वी कधीच आली नव्हती. त्याने समजावण्यासाठी एक हिशेब मांडला, तो वाचकांसाठी येथे देतो. आकडे केवळ कल्पनेचे आहेत. समजा हजार माणसांचे फोटो काढले आणि त्यांत दहा जणांना खरोखर क्षय आहे. रेघ साठावर ओढली, तर समजा दहांतले सात सापडतात आणि चाळीस निरोगी माणसांना उगाच थुंकीची डबी हातात घ्यावी लागते. रेघ तिसावर आणली, तर दहांतले नऊ सापडतात, पण आता दोनशे निरोगी माणसे रांगेत येतात. आजारी माणसांपैकी किती हाती लागली हा एक हिशेब. निरोगी माणसांपैकी किती जणांना उगाच धरले नाही हा दुसरा. हे दोन हिशेब वेगवेगळे मांडले पाहिजेत, हे १९४७ च्या त्या पाहणीतील येरुशाल्मी नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने त्याच सुमारास दाखवून दिले. एक सुधारावयास गेले की दुसरा बिघडतो. रेघ कोठेही ओढा, तिच्या अलीकडे किंवा पलीकडे कोणीतरी चुकीचा उभा राहतोच.

मग रेघ खालीच का ओढू नये? कारण थुंकीची ती नवी तपासणी फुकट होत नाही. गोव्याच्या कंपनीने काढलेले ट्रूनॅट यंत्र आता पुष्कळ ठिकाणी आहे, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, तालुक्याच्या ठिकाणीही ते चालते. परंतु दर तपासणीला एक चिप लागते, चिपांना पैसे लागतात, आणि आलेल्या चिपा निरोगी माणसांवर संपल्या तर खऱ्या रोग्याला थांबावे लागते. म्हणूनच जागतिक संघटनेनेही सर्वांना एकच रेघ दिली नाही. ज्या त्या ठिकाणची परिस्थिती पाहून ती ठरवावी असे सुचविले आहे. आमच्या शिबिरातील पन्नासची रेघ कोणी ठरविली होती? आम्ही नंतर विचारले. ती यंत्राबरोबर तशीच आली होती. कोणीच ठरविली नव्हती.

कोकणात आणि गोव्यात कौल लावण्याची रीत आपल्या वाडवडिलांना माहीत होती. देवाच्या मूर्तीला कळ्या किंवा पाने लावावयाची, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आपण ती रीत सोडली. पण ती सोडताना तिच्यातले सुख आपण सोडले का, याची आम्हांला शंका आहे. कौल लागला की प्रश्न मिटतो आणि मुख्य म्हणजे पुढे कोणी जाब विचारीत नाही; निवाडा झाला, तो कोणा माणसाने केला नाही. पवित्र शास्त्रातही चिठ्ठ्या टाकल्याचे प्रसंग आहेत. तारवातील खलाशांनी योनाविषयी टाकल्या, प्रेषितांनी मत्थियाची निवड करताना टाकल्या. पण आजारी माणसाविषयी निवाडा करावयाचा तेव्हा शास्त्राने चिठ्ठी टाकावयास सांगितलेले नाही. तेथे काय सांगितले आहे ते पाहण्याजोगे आहे.

लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय आपण शब्बाथ शाळेत गाळतो. मुलांना कंटाळा येतो, आणि चट्टे, खांडूक, पांढरे केस हे वाचताना शिक्षकालाही अवघडते. आम्ही तो अध्याय या वर्षी पुन्हा वाचला आणि चकित झालो. त्यात याजकाने अंगावरील डागाची परीक्षा कशी करावी हे सांगितले आहे. रंग पाहावा, खोली पाहावी, केस पाहावा. निश्चित कळले तर सांगावे. निश्चित कळले नाही तर? तर अंदाजाने होय म्हणावयाचे नाही आणि नाहीही म्हणावयाचे नाही. सात दिवस थांबावयाचे आणि पुन्हा पाहावयाचे. तरीही स्पष्ट झाले नाही तर आणखी सात दिवस. म्हणजे त्या जुन्या नियमात होय आणि नाही यांच्या मध्ये एक तिसरी जागा राखून ठेवलेली आहे. आमच्या शिबिरात ती नव्हती. ४६ आणि ४ यांत आम्ही काहीच भेद केला नाही, दोघांनाही त्याच दाराने घरी पाठविले.

चौदाव्या अध्यायात आणखी एक बारकावा आहे. जो बरा झाला त्याला छावणीत परत घ्यावयाचे असते, तेव्हा त्याला आत बोलावून तपासावयाचे नाही. याजकाने स्वतः छावणीबाहेर जाऊन त्याला पाहावयाचे आहे. बाहेर ठेवण्याचा अधिकार ज्याचा, आत आणण्याची पायपीटही त्याचीच. मामांचा निकाल स्वच्छ आला तेव्हा आमच्यापैकी कोण त्यांच्या खोलीवर गेले? फळ्यावर कागद लावला आणि आमचे काम संपले.

हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आपल्यातील प्रत्येक मुलाला पाठ आहे. शंभरांतले एक हरवते, मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्या एकाच्या मागे जातो. अक्कांच्या आजाराची बातमी आली त्या रविवारी हाच पाठ होता, आणि आम्ही तो शिकविला. शिकविताना मात्र काहीतरी खुपत राहिले. काय ते कळावयास मला नव्हे, आम्हां सर्वांनाच पुष्कळ दिवस लागले. मेंढपाळाला एक हरवल्याचे कळले, कारण गणतीत एक कमी भरले. आमच्या गणतीत कोणी कमी नव्हते. वहीत अक्कांच्या नावापुढे निरोगी अशी खूण होती. ज्याला आम्ही शोधावयास जावे असे शंभरावे मेंढरू त्या नव्हत्याच. आमच्या हिशेबी त्या नव्व्याण्णवांतल्या होत्या. रेघेने केलेली चूक ही अशी असते. तिने चुकून ज्याला बोलावले तो मामांसारखा डोळ्यांपुढे असतो, त्याचे दुःख पाहता तरी येते. तिने चुकून ज्याला घरी पाठविले त्याचा पत्ता आजार स्वतः सांगेपर्यंत लागत नाही. तेव्हा प्रभूच्या दृष्टान्ताला अनुसरावयाचे तर नव्व्याण्णवांतही पुन्हा जाऊन पाहावे लागेल, आणि विशेषतः रेघेच्या अगदी खालच्या अंगाला जे उभे आहेत त्यांच्याकडे.

काही बंधू म्हणतील की मग रेघ खाली आणा, चिपांचे पैसे मंडळी देईल. तेही करावे, आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. पण रेघ खाली आली की मामांसारखी माणसे अधिक बोलावली जातील, आणि बोलावणे आले की आमच्या गल्लीत काय होते ते आम्ही पाहिले आहे. तेथे यंत्राची चूक किती आणि आमची किती? यंत्राने ८३ म्हटले. बाक रिकामा ठेवा असे त्याने म्हटले नव्हते. क्षयाचा संशय येणे ही आमच्यात अजून बदनामी आहे, म्हणून संशयितांची संख्या वाढविणे क्रूर वाटते. ती बदनामी नसती तर दोनशे निरोगी माणसांनी डबीत थुंकून दिले असते आणि हसत घरी गेली असती. आणि तीच बदनामी नसती तर अक्कांनी रांगेत खोकला लपविला नसता. दोन्ही चुकांच्या मुळाशी आमची माणसे आहेत, हे लिहिताना बरे वाटत नाही.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. दोष कोणाचा? यंत्राचा नव्हे, कारण दोष ज्याला लावावयाचा त्याला उत्तर देता आले पाहिजे आणि लाजही वाटली पाहिजे. मग ज्यांनी ते बनविले त्यांचा, ज्यांनी पन्नासची रेघ न तपासता आणली त्यांचा, डॉक्टरशिवाय शिबिर भरविण्यास ज्यांनी संमती दिली त्या पंच कमिटीचा, की ज्यांनी चार प्रश्न मोठ्याने विचारले त्यांचा? पिलाताने पाणी मागविले होते. आजकाल पाणी मागवावे लागत नाही, कारण निवाडा इतक्या हातांतून जातो की प्रत्येकाला आपला हात कोरडाच दिसतो. बनविणारा म्हणतो, मी केवळ आकडा काढला. चालविणारा म्हणतो, मी केवळ बटण दाबले. आम्ही म्हणालो, आम्ही केवळ नावे लिहिली. आमच्या वाट्याचे तेवढे आम्ही येथे कबूल करतो: तो प्रश्न तसा विचारावयाचा नव्हता. अक्कांना आम्ही हे जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही हळू विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं, गुरुजी." त्यांनी आमची समजूत घालण्यासाठी तसे म्हटले असावे.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुले-मुली आता ही विद्या शिकत आहेत. हैदराबादेत, इंदुरात, वडोदऱ्यात. त्यांच्या आईबापांना वाटते की हे काम संगणकाचे, पगार चांगला, यात धर्माचा काय संबंध. आमच्या ओसरीवर बसलेल्या मुलाला आम्ही ढाक्याच्या अहवालातील साठीच्या पुढच्यांचे वाक्य पुन्हा वाचावयास सांगितले आणि विचारले, तुझ्या यंत्राचा हिशेब तू एकाच आकड्यात मांडलास, म्हातारे आणि पूर्वी आजारी पडलेले वेगळे काढून पाहिलेस का? तो गप्प झाला. त्याने पाहिले नव्हते; परीक्षेत तसे कोणी विचारीत नाही. सुट्टी संपवून गेल्यावर त्याने कळविले की वेगळे काढून पाहिले, म्हाताऱ्यांत गुण पुष्कळ उतरले, आणि ते आपल्या प्रबंधात लिहावे की नाही याविषयी त्याच्या मार्गदर्शकांचे व त्याचे एकमत नाही. तो लिहिणार आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करावी.

डिसेंबर २०२४ पासून शंभर दिवसांची क्षयमोहीम देशातील अनेक जिल्ह्यांत चालू झाली, हाती धरावयाची एक्स-रे यंत्रे गावोगाव फिरू लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या सभागृहात पुन्हा शिबिर भरले. या वेळी टेबल दाराशी नव्हते. व्हरांड्याच्या टोकाला जी पुस्तकांची खोली आहे तिच्यात एकेकाला बोलावून, दार लोटून, बायकांना बायकांनी असे विचारले. रेघ पन्नासचीच राहिली, ती बदलण्याचा अधिकार आमचा नव्हता. पण चाळीस ते पन्नास यांमधील माणसांची एक निराळी यादी केली, महिन्याने त्यांच्या घरी जाऊन खोकल्याची चौकशी करावयाची आणि जरूर तर दवाखान्यात घेऊन जावयाचे असे ठरविले. मामा सर्वांच्या आधी पाटीसमोर उभे राहिले. आकडा ८१ आला. "दोन कमी झाले की," असे म्हणून त्यांनी सगळ्यांच्या देखत डबी मागून घेतली आणि रविवारपर्यंत निकाल येणार नाही हे ठाऊक असूनही पेले धुवावयाचे काम अंगावर घेतले. पाळकांनी होकार दिला. यादीत अकरा नावे भरली. सहा महिन्यांचे औषध नाताळाच्या आधीच पुरे झालेल्या अक्कांनी ती यादी पाहावयास मागितली, आणि त्यांतली चार घरे त्यांच्या गल्लीची निघाली म्हणून ती त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतली.